सेकंदाला सोळा चित्रं

आमच्या शाळेत गैरहजर मुलीच्या नावापुढे हजेरीपटात 'गै' लिहायची पद्धत होती. मास्तर तिथे त्या मुलीचा चेहरा काढत. बोटाच्या नखाएवढा चेहरा, पण नाव न वाचता ओळखू यावा असा. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी तो पट उघडला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"हे काय आहे?"

"ती गैरहजर आहे सायेब."

"मग हे चित्र कशाला?"

"हजर असती तं समोर दिसली असती," मास्तर म्हणाले. "नाही आली म्हणून काढली."

साहेबांनी शेरा काय लिहिला ते मला आठवत नाही. पण जाताना त्यांनी मुख्याध्यापकांकडे, मास्तरांनी आपला चेहरा कुठे काढला तर नाही ना, अशी हळूच चौकशी केल्याचं आमच्या शिपायाने सगळ्यांना सांगितलं होतं.

मी अकोल्याची. गणित घेऊन पदवीधर झाले आणि सत्तावन्न साली अमरावतीच्या या शाळेत लागले. मास्तर तिथे ड्रॉइंग शिकवत. तेव्हा ते पन्नाशीला आले असतील. बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. एका खोलीत राहत. त्यांच्याकडे सायकल होती, पण तिच्यावर बसलेलं त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. ते ती हातात धरून चालत. कॅरिअरला कागदांची गुंडाळी, हँडलला रंगाचे डबे. मी विचारलं, तर म्हणाले, "चालत असलं का दिसते, बाईसाहेब. सायकलीवर माणूस फक्त पोचते."

मी तेवीस वर्षांची, त्यांच्या निम्म्याहून लहान, पण मला ते पहिल्या दिवसापासून बाईसाहेब म्हणत. त्यात थट्टा किती आणि मान किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना फुटपट्टी चालत नसे. वर्गात कोणाच्या हातात दिसली की काढून घेत आणि सुट्टीत माझ्या टेबलावर आणून ठेवत. "घ्या, तुमच्या माहेरची वस्तू." असा पंधरा-वीस पट्ट्यांचा गठ्ठा माझ्याकडे साठला होता.

शाळेच्या पगाराखेरीज ते सिनेमागृहांसाठी काचेवर जाहिराती रंगवायचे. मध्यंतरात पडद्यावर स्थिर चित्रं दाखवत ना, शिलाई मशीनची, दंतमंजनाची, धूम्रपान करू नये अशी, ती. त्या कामामुळे त्यांची सिनेमाच्या मशीनवरच्या माणसांशी ओळख. त्यातले एक कादरभाई. ते मास्तरांना फिल्मचे तुटके तुकडे देत. सिनेमाची फिल्म जुनी झाली की जागोजाग तुटते. कादरभाई तेवढा भाग कापून उरलेली जोडून टाकत आणि कापलेले तुकडे डब्यात जमवून ठेवत. पुढे कादरभाई अकोल्याच्या एका टॉकीजमध्ये गेले, तरी वर्षातून दोनदा हा डबा कोणाच्या तरी हाती अमरावतीला येई. जुनी फिल्म ठिणगीनेही पेटते म्हणून मास्तर ते तुकडे ओल्या रेतीत रोवलेल्या माठात ठेवत. घरात पाण्याचा माठ एक आणि फिल्मचे दोन.

या तुकड्यांचं करायचं काय, हे त्यांना बरीच वर्षं माहीत नव्हतं. ते कळलं देवकाबाईंमुळे.

आमच्या शाळेपासून वीस मिनिटांवर कापसातली सरकी काढायचं जिन होतं. एका हिवाळ्यात मास्तरांनी नववीच्या मुलींना तिथे कापसाचे ढीग काढायला नेलं. मुली होत्या म्हणून मुख्याध्यापकांनी मला सोबत धाडलं. आवारात पाच-सहा बाया कापसातला काडीकचरा वेचत बसल्या होत्या आणि त्यातली एक गात होती. तिशी-पस्तिशीची, डोक्याला फडकं बांधलेलं, पापण्यांवर रुईचा पांढरा थर. त्याच देवकाबाई. आवाज गोड म्हणावा असा नव्हता. थोडा खरखरीत, पण कुठेही न डगमगणारा. पाट्यावर वरवंटा फिरावा तसा.

मास्तरांनी हातातली पेन्सिल कानावर ठेवली आणि सरळ त्यांच्यासमोर जाऊन उकिडवे बसले.

"पुन्हा म्हणा."

"काहून?"

"म्हणा तं खरं."

त्यांनी पुन्हा म्हटलं. गाणं त्यांचं स्वतःचं होतं, त्यांच्या आईवरचं. सुरुवात अशी होती:

माय चालली पान्याले, घागर रिकामी डोईले,
ऊन पायाले लागते, सावली नाही वाटेले.

परतताना मास्तर सगळ्यांच्या पुढे चालत होते. शाळेच्या फाटकाशी थांबून म्हणाले, "बाईसाहेब, हे गाणं पडद्यावर चाललं पाह्यजे. कॅमेरा नाही, नट नाही, काही नाही. फिल्म आपल्यापाशी आहे. तिच्यावरची जुनी चित्रं धुऊन टाकाची अन हातानं नवी काढाची. एकेक."

"किती?"

"थे तुमी सांगा. गणितवाल्या तुमी."

मला ते वेड वाटलं. तरी मी सांगितलं, आणि तिथेच फसले.

मास्तरांनी त्याआधी कधीतरी कौंडण्यपूरच्या जत्रेत एका तंबूवाल्याचा फलक रंगवून त्याच्या बदल्यात सिनेमा दाखवायचं एक मोडकं यंत्र आणलं होतं. मुक्या चित्रपटांच्या काळातलं, हाताने दांडा फिरवायचं. ते त्यांनी दुरुस्त केलं होतं. दांड्याचा एक फेरा म्हणजे आठ चित्रं, आणि चाल नैसर्गिक दिसायला सेकंदाला दोन फेरे लागत. म्हणजे सेकंदाला सोळा चित्रं. देवकाबाईंना एका रविवारी बोलावलं. त्यांनी सात वेळा गाणं म्हटलं आणि मी मनगटावरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर मोजलं. दर वेळी दोन मिनिटं चोवीस सेकंद, फार तर एखाद्या सेकंदाचा फरक. एकशे चव्वेचाळीस गुणिले सोळा. दोन हजार तीनशे चार.

"जमते," मास्तर म्हणाले, जणू मी तेवीस म्हटलं होतं.

काम सुरू झालं. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून त्यात फिल्म भिजवायची, जुनं चित्र फडक्याने पुसून काढायचं, मग काचेसारखी पारदर्शक झालेली पट्टी दोरीवर वाळत घालायची. शेजारच्या बाया विचारत, "मास्तर, कुरडया का?" काळी शाई गुळगुळीत पट्टीवर ठरेना, म्हणून तिच्यात बाभळीचा डिंक. एका खोक्यात आरसा तिरपा बसवून वर काच, म्हणजे उन्हाचा उजेड खालून येई. त्या काचेवर पट्टी ठेवायची, डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावायचं आणि पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकोनात एक बाई काढायची. पुढच्या चौकोनात तीच बाई, पाय केसभर पुढे. मी चित्रांना क्रमांक घालत असे आणि वहीत कुठल्या ओळीला कुठून कुठपर्यंत ते लिहून ठेवत असे. शाळा सुटल्यावर ऊन असेपर्यंतचा तास-दीड तास आमचा. लोक काही बोलत असतील, तर मास्तरांचं नाव निघालं की गप्प बसत. त्यांच्याविषयी वाईट बोलायला माणसाला फार कष्ट पडले असते.

वर्षभराने फिल्म पुरी झाली. ड्रॉइंगच्या खोलीच्या खिडक्यांना काळे कागद लावून एका शनिवारी दुपारी आम्ही ती भिंतीवर पाहिली. देवकाबाई, मी आणि शिपाई. मास्तर दांडा फिरवत होते आणि देवकाबाई सोबत गात होत्या.

मला आजही ती चित्रं सुंदर वाटतात. झाडांतून एक बाई येते, कमरेत लवते, पदर वाऱ्यावर उडतो, विहिरीशी पोहोचते, दोर सोडते, घागर भरते, डोक्यावर घेऊन परत जाते. शिपाई 'वा मास्तर' म्हणाला.

देवकाबाई आता गात नव्हत्या. अर्ध्यातच थांबल्या होत्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तुमी गाणं आयकलं का चाल आयकली?"

मास्तरांनी दांडा थांबवला.

"माही माय विहिरीपाशी जाये नाही. तिले बंद होती विहीर. धा हात दूर उभी राहे. कोणाले दया आली तं वरून घागरीत पानी वाढे. नाही आली तं उभीच. तुमी तिले दोर देल्ला हाती."

आणि त्यांनी दुसरं कडवं आम्हाला बोलून दाखवलं, चाल न लावता:

काठापासून धा हात माय उभी राहे,
घागर तिच्या हाती, पानी दुसऱ्याच्या हाती हाये.

हे कडवं आम्ही आठ-दहा वेळा ऐकलं होतं. मी त्याचे सेकंद मोजले होते.

देवकाबाईंच्या घरच्यांनी छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. त्यांच्या वस्तीने पुढे स्वतःची विहीर खणली. तिसरं कडवं त्या विहिरीचं होतं. पण ती खणली जाण्याच्या दोन उन्हाळे आधी आई गेली होती.

सोमवारी मी मास्तरांच्या खोलीवर गेले तेव्हा दोरीवर सगळी फिल्म वाळत होती. कोरी. दोन हजार तीनशे चार चित्रं त्यांनी सोड्याच्या पाण्यात धुऊन टाकली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडू नोका," ते म्हणाले. "चित्र खोटं होतं."

मग ते घंगाळातलं काळं पाणी पाहत बोलू लागले. "आमच्या गावच्या वाड्यापाशी विहीर होती, बाईसाहेब. आमचीच. तिथं एक बाई उभी राहाची रोज. माही आजी पाणी वाढे तिले. मी लहानपणी दिवसभर तिथंच खेळो. आता काढाले बसलो तं तिचा चेहराच आठवत नाही. रोज होती ती तिथं. मी पाह्यलंच नाही."

ज्याला गैरहजर पोरींचे चेहरे पाठ होते, त्या माणसाला हे बोलताना मी पाहिलं आहे.

त्यांनी देवकाबाईंना विनंती केली, की एकदा घागर घेऊन तशा उभ्या राहून दाखवा, म्हणजे मला काढता येईल. देवकाबाईंनी पदर खोचला आणि शांतपणे सांगितलं, "मास्तर, गाणं मी कितीक वेळा म्हणतो. पण तशी उभी नाही राहाची मी आता, कोणासाठीच नाही. तुमीच उभे राहून पाहा."

आमच्याकडे बायाही 'मी म्हणतो', 'मी जातो' असंच बोलतात. पण त्या दिवशी त्या 'म्हणतो'मध्ये काही निराळं वजन होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीच्या आधी मास्तर शाळेच्या अंगणात नळापासून दहा हातांवर एक रिकामी घागर घेऊन उभे राहिले. चैत्राचं ऊन होतं. सुट्टी झाली, मुली पाणी प्यायला आल्या, हसल्या, बाजूने गेल्या. "मास्तर, काय झालं?" असं कोणी विचारलं तर ते उत्तर देत नव्हते. मुख्याध्यापक व्हरांड्यात येऊन पाहून गेले. मला सगळं माहीत होतं आणि मी शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीत उभी राहून पाहत होते. जावं आणि पाणी ओतावं असं वाटत होतं, पण मग ते खरं ठरलं नसतं, असंही वाटत होतं. सुट्टी संपली. घंटा झाली. वर्ग भरले. अखेर शिपाई आला, नळाखाली बादली भरली आणि उंचावरून त्यांच्या घागरीत ओतली. तो देवकाबाईंच्याच वस्तीतला होता. त्याला ते दृश्य समजावून सांगायची गरज नव्हती.

मास्तर आत आले तेव्हा टाळूपासून गळ्यापर्यंत लाल झाले होते.

"नजर कुठं ठेवावी समजत नाही," ते म्हणाले. "नळाकडे पाह्यलं तं भीक मागून राह्यल्यावानी वाटते. खाली पाह्यलं तं गुन्हा केल्यावानी. अन दुसरा हात. घागर एका हातात असते, दुसऱ्या हाताचं काय करावं थेच समजत नाही."

तेव्हापासून दुसऱ्या फिल्मला सुरुवात झाली. आता बाईचं चालणंही खरं हवं होतं. म्हणून ते सार्वजनिक नळावरून पाणी नेणाऱ्या बायांच्या मागे वही घेऊन फिरू लागले. व्हायचं तेच झालं. लोकांनी त्यांना धरून पोलीस चौकीत नेलं. मला निरोप आला. मी पोहोचले तेव्हा हवालदार वही चाळत होता. साठ-सत्तर पानं, आणि सगळ्या पानांवर नुसते पाय. घोट्याच्या वर एक रेघ नाही. हवालदाराचा राग ओसरत चालला होता. मध्येच एका पानावर तो थांबला. वाकड्या करंगळीचा, दोन जोडव्यांचा पाय होता.

"ही तं आमची हाय," तो म्हणाला.

"लंगडतात डाव्या पायानं," मास्तर म्हणाले. "दुखते काही?"

"बोलली नाही कधी," हवालदार म्हणाला. त्याने वही परत दिली आणि मास्तरांना चहा पाजला.

उभं राहण्याच्या कडव्याला पंचवीस सेकंद होते. चारशे चित्रं. चालणारी बाई काढणं सोपं असतं, पाय पुढे सरकवत न्यायचे. उभी असलेली बाई चारशे वेळा काढायची, ती दगड दिसू द्यायची नाही, हे फार कठीण. एका पायावरचा भार दुसऱ्यावर जातो. पदराखाली श्वास हलतो. नजर विहिरीकडे जाते, खाली येते. मोकळा हात घागरीला लागतो, सुटतो, पुन्हा लागतो. त्या चारशे चित्रांना सहा महिने गेले. डोळ्यांतून पाणी येई म्हणून मास्तर भिंग एकदा या डोळ्याला लावत, एकदा त्या. देवकाबाई अधूनमधून येऊन पाहत. एके दिवशी भिंगातून बराच वेळ बघून म्हणाल्या, "हां. हे माय हाय."

घाईही होती. जिनमधल्या रुईने त्यांची छाती भरत चालली होती. गाण्याच्या शेवटच्या ओळीला आता खोकला येई. डॉक्टरांनी ते काम सोडायला सांगितलं होतं. ते सोडणं त्यांच्या हातात नव्हतं. "आवाज हाय तवरक करून घ्या," त्या म्हणायच्या, सहज, ऊन आहे तोवर वाळवण करून घ्या म्हणावं तसं.

कादरभाईंनी अकोल्यात मालकाची परवानगी काढली. रविवारी सकाळच्या खेळाआधी, जाहिराती संपल्या की आमची फिल्म. आवाज फिल्मवर नव्हताच, तेव्हा देवकाबाई पडद्याखाली उभ्या राहून गाणार होत्या. आम्ही तिघं शनिवारी बडनेऱ्याहून पॅसेंजरने अकोल्याला गेलो आणि माझ्या वडिलांकडे उतरलो. मास्तरांनी फिल्मचा डबा ओल्या फडक्यात गुंडाळून सगळ्या प्रवासात मांडीवर धरला होता.

सकाळी नऊला रिकाम्या टॉकीजमध्ये कादरभाईंनी फिल्म लावून पाहिली. देवकाबाई गाऊ लागल्या.

पडद्यावरची बाई पळत सुटली.

चालत नव्हती, पळत होती. तुरुतुरु, जुन्या मुक्या चित्रपटातल्या विनोदी माणसासारखी. देवकाबाई पहिल्या कडव्यात असताना ती विहिरीपासून दहा हातांवर पोहोचलीही होती. झाडू मारणारा माणूस थांबला आणि हसला. त्याचा काही दोष नव्हता. कोणीही हसलं असतं.

देवकाबाईंनी गाणं थांबवलं आणि खुर्चीवर बसल्या.

फिल्म संपल्यावर कादरभाई वरच्या खोलीतून खाली आले. "मास्टर, ये कितने के हिसाब से बनाया? मशीन तो चौबीस पे चलती है. बोलपट आया तब से चौबीस."

सेकंदाला चोवीस. मी कागद न घेताच हिशेब केला. एकशे चव्वेचाळीस सेकंदांची फिल्म शहाण्णव सेकंदांत संपणार. तीन वर्षांत कादरभाईंना एक पोस्टकार्ड टाकायचं मला सुचलं नव्हतं. मास्तरांच्या हातयंत्रावर जे दिसलं तेच मी जगाचं गणित धरून चालले होते.

"चूक माझी आहे," मी म्हणाले.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "यंत्र माहं होतं," ते म्हणाले. मग देवकाबाईंपुढे जाऊन उभे राहिले. "नाही दाखवत आपण. तुमच्या मायवर लोकाईनं हासावं, असं नाही करत मी. घरी चाला."

बाहेर तिकिटाच्या खिडकीशी लोक जमू लागल्याचा आवाज येत होता. देवकाबाई पडद्याकडे पाहत होत्या.

"चालते तवा हासले लोक," त्या म्हणाल्या. "उभी होती तवा हासले का?"

झाडूवाल्याने नाही अशी मान हलवली.

"उभं राहाले काय जल्दी अन काय हळू," त्या म्हणाल्या. "उभं म्हणजे उभं. तेवढंच दाखवा. मी गाणं पुरं म्हणतो."

कादरभाईंनी आधी डोकं हलवलं. चारशे चित्रं म्हणजे पंचवीस फूट, सतरा सेकंदही नाही चालायची. मग ते थांबले आणि म्हणाले, "गोल करना पडेगा." दोन्ही टोकं चिकटवून फिल्मचं कडं करायचं, म्हणजे तीच चित्रं फिरून फिरून येत राहतील. पण पंचवीस फुटांचं कडं मशीनमध्ये मावत नाही. ते बाहेर लोंबणार, आणि कोणीतरी ते हातांवर तोलून धरायला हवं, जमिनीला न लागू देता, पीळ न पडू देता. दिव्यापुढे क्षणभर जरी अडकलं तरी पेटणार.

"अटकी तो पकडना नहीं," कादरभाईंनी आम्हाला बजावलं. "छोडके सीधा दरवाजे के बाहर."

त्यांनी बाकीची फिल्म कापून बाजूला ठेवली. एकोणीसशे चार चित्रं. मास्तरांनी तिकडे वळूनही पाहिलं नाही. मी हिशेब केला, या वेळी दोनदा: गाणं पुरं व्हायला नऊ फेरे.

खेळाला गर्दी चांगली होती. जाहिराती झाल्या. दारवानाने पंखे बंद केले, म्हणजे आवाज मागपर्यंत पोहोचावा. मशीनच्या खोलीत एका टोकाला मास्तर, दुसऱ्या टोकाला मी. हातांना धुतलेली सुती फडकी गुंडाळलेली. कादरभाईंनी कळ दाबली आणि फिल्म माझ्या तळव्यांवरून धावू लागली.

म्हणून तो खेळ मी पाहिला नाही. मास्तरांनीही पाहिला नाही. पडद्याकडे बघायच्या झरोक्यात कादरभाई होते आणि आमची नजर फिल्मवरून हलवायची सोय नव्हती. मी फक्त मोजत होते. जोड जवळून गेला की बोटांना खडा लागल्यासारखा लागे. एक. दोन. दर फेऱ्याला फिल्म आधीपेक्षा गरम. समोर मास्तरांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि त्यांना तो पुसता येत नव्हता. मशीनच्या खडखडाटात खालून देवकाबाईंचा आवाज तुटक तुटक येत होता. दुसऱ्या कडव्याला खाली कोणीतरी खोकलं, ते स्पष्ट ऐकू आलं, इतकी शांतता होती. सहाव्या फेऱ्याला वाटलं, आता हात भाजणार. सातव्याला तिसरं कडवं सुरू झालं:

आता खंदली विहीर आमच्या वस्तीत वं माये,
दोर माह्या हाती, पानी माह्या हाती वं माये.

शेवटच्या ओळीला त्यांना खोकला आला नाही. नऊ. कादरभाईंनी दिवा मालवला.

टाळ्या पडल्या नाहीत. हसणंही नाही. मग मुख्य चित्रपट सुरू झाला आणि आम्ही जिन्यावर येऊन बसलो. मास्तरांच्या तळहातावर लाल पट्टा उठला होता.

तो खेळ तेवढा एकदाच झाला. पुढे मास्तर निवृत्त झाले, डोळ्यांनी अधू होत गेले आणि सदुसष्टच्या उन्हाळ्यात गेले. मी त्यांच्या शेवटच्या आजारपणात दोनदा भेटून आले. तेव्हा ते फिल्मविषयी काही बोलले नाहीत, सोबत नेलेल्या माझ्या मुलाच्या वहीतली फुटपट्टी मात्र मागून घेतली. फिल्म आखडली, पिवळी पडली, तिची चित्रं एकमेकांना चिकटली. देवकाबाई त्यांच्या आधी दोन वर्षं गेल्या.

पण मला आठवते ती त्या दुपारची परतीची गाडी. मूर्तिजापूर गेलं होतं. डब्यात गर्दी नव्हती. माझ्या आईने बांधून दिलेल्या भाकरी आम्ही खाल्ल्या. मास्तर खिडकीबाहेर पाहत होते. अखेर न राहवून त्यांनी विचारलं.

"कसं दिसलं?"

आम्ही दोघांनी पाहिलं नाही, हे देवकाबाईंच्या तेव्हाच ध्यानात आलं असावं. त्यांनी हात पुसले.

"मी लोकाईकडे पाठ करून उभी होती," त्या म्हणाल्या. "पडद्याकडे तोंड. माय उभी होती समोर. एवढी मोठी. तिसरं कडवं आलं, तरी ती उभीच. तवा ध्यानात आलं माह्या, का इतके दिवस हे कडवं मी लोकाईले म्हणून राह्यली होती. तिले कुठं सांगतलं होतं कोणी? तिले मालूमच नोहतं का विहीर झाली म्हणून."

बाहेर कापूस वेचून झालेली काळी रानं मागे पडत होती.

"आज सांगतलं," देवकाबाई म्हणाल्या.